उन्हात वाळत घातलेला समुद्र

शरणपूर रोड, नाशिक
२२ नोव्हेंबर १९८३

प्रिय झुंबर,

बोर्डिंगच्या न्हाणीघरात शनिवारी दोघींत मिळून एक बादली गरम पाणी मिळायचं, आठवतं? तू शिकेकाई चोळत गाणं म्हणायचीस आणि मी डोळे मिटून माझ्या वाट्याच्या पाण्याची वाट बघायचे. गाणं संपायचं तेव्हा पाणीही संपलेलं असायचं. चाळीस वर्षं झाली, पण अजून कोणी न्हाताना गुणगुणलं की मला थंडी वाजते. (राग नाही. फक्त थंडी.)

नागपूरला लेकीकडे करमतंय ना? डोळ्याची पट्टी निघाली का? निघाली नसेल तर हे पत्र लेकीकडून वाचून घेऊ नकोस, उशीखाली ठेव. कारण यात तुझ्या घराचा विषय आहे.

माझ्या बहिणीची कुमुद तुला माहीत आहे, इथल्या कॉलेजात शिकवते ती. मे महिन्यात तुमच्या गावासमोर जहाज फुटून तेल पसरलं, तेव्हापासून ती दर महिन्याला तिथे जाते आणि तीन ठिकाणचं पाणी गाळून आणते. समुद्रात म्हणे डोळ्यांना न दिसणारी हिरवी वनस्पती तरंगत असते. बारीकसारीक जीव ती खातात, त्यांना मासे खातात, आणि माशांना तुम्ही लोक. पाणी रुपयाएवढ्या पांढऱ्या कागदातून गाळलं की ती वनस्पती कागदावर राहते. मग तिच्यात हिरवा रंग किती ते मोजायचं, म्हणजे समुद्र जगतोय की नाही ते कळतं. मोजायचं यंत्र अंबडच्या एका कारखान्यात आहे आणि तिथले केमिस्ट यादव ते फक्त रविवारी वापरू देतात. तोवर कागद चंदेरी वेष्टनात गुंडाळून अंधारात आणि गारव्यात ठेवायचे, म्हणजे माझ्या फ्रीजमध्ये, बर्फाच्या कप्प्यात.

दिवाळीनंतरच्या सोमवारी दिवसभर वीज गेली. बर्फ वितळला, पुड्या भिजल्या. आणि झुंबर, आपल्याकडे ओली वस्तू दिसली की ती गच्चीवर जाते. गहू, मिरच्या, गाद्या, सगळ्याला एकच औषध. कोणीतरी ते सहा कागद (प्रत्येक ठिकाणचे दोन) सोडवून, आपापल्या वेष्टनावर ठेवून, खाटेवर कुरडयांशेजारी छान ओळीने मांडले, उडू नयेत म्हणून प्रत्येकावर एकेक चिंचोका ठेवला. संध्याकाळी कुमुद आली तेव्हा कागद कुरकुरीत झाले होते आणि त्यांच्यावरचा हिरवा रंग पार उडाला होता.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. नुसती खाटेच्या कडेवर बसली. एक महिना सुटला की सगळी मोजणी तुटली, असं तिच्या पीएच.डी.च्या गाईडनी आधीच बजावलं होतं. मग पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे आणखी पूर्ण एक वर्ष. घरात कामाला असलेल्या बायडाबाईकडे सगळ्यांच्या माना वळल्या. ती म्हणाली, “मी हात बी नाय लावला. पोरीचं नुस्कान करून मला काय भेटणार हाय?” आणि त्या दिवसापासून आमच्या भाजीत मीठ नाही.

महिना संपायच्या आत पाणी पुन्हा आणायचं, एवढा एकच मार्ग होता. कुमुदबरोबर मी निघाले. (मलाच का नेलं, ते मला तेव्हा कळलं नाही.) तू नव्हतीस म्हणून तुझ्या शेजारच्या नवसाबाईंकडून किल्ली घेतली.

होडी हसूरामची. मी कॅनव्हासचे बूट, छत्री आणि जपमाळ घेऊन बसले. पहिल्या जागी पाणी नीट निघालं. दुसऱ्या जागी मला मळमळलं आणि मी वाकले ती नेमकी कुमुद बादली सोडत होती त्याच बाजूला. ती शांतपणे म्हणाली, “मावशी, समुद्र एवढा मोठा आहे. दुसरी बाजू बघ ना.” त्या जागेचा नमुना मग शंभर हात पुढे जाऊन घ्यावा लागला. हसूराम हसला नाही. मे महिन्यापासून तो फारसा हसत नाही, असं नवसाबाई सांगत होत्या. एवढंच म्हणाला, “बाय, दर महिन्याला पानी नेताव. मासली कवा येल, त्ये कोन सांगंल?” कुमुदने मान खाली घालून दोरी गुंडाळली.

गाळायला अंधार हवा, म्हणून तुझी देवाची खोली घेतली. खिडकीला जाड कापड सापडेना, तेव्हा तुझी जांभळी पैठणी लावली. देव बाजूला सरकवून त्यांची क्षमा मागितली, आधी मराठीत आणि मग बोर्डिंगच्या सवयीने इंग्रजीत. मी हातपंप मारत होते, कुमुद कागद उचलत होती. वेष्टनावर आकडे टाकायची वेळ आली तेव्हा पेन्सिल माझ्यापुढे करून म्हणाली, “नंबर तूच टाक मावशी, तुझा हात बसलाय.”

कागद डब्यात भरले, त्यावर घालायला नवसाबाईंनी मासळीवरचा बर्फ दिला. एस.टी.त सगळी माणसं आमच्यापासून सरकून बसली. कंडक्टरने विचारलं, “डब्यात काय, पापलेट?”

“समुद्र,” कुमुद म्हणाली.

“मग लगेज लागेल,” तो म्हणाला, आणि खरोखरच लावलं.

घरी आल्यावर पुढचे आठ दिवस मी फ्रीजपाशी खुर्ची टाकून भरतकाम केलं. परवा रविवारी अंबडला गेलो. नळीत कागद कुस्करून नखांचा रंग पुसायच्या पाण्यासारखं काहीतरी घातलं, आणि अगं, कोवळ्या द्राक्षासारखा हिरवा रंग उतरला! मे महिन्यात नुसतं पिवळट पाणी दिसलं होतं म्हणे. यादवांनी आकडा वाचला, ऑक्टोबरच्या दुपटीहून थोडा जास्त. कुमुद म्हणाली, “पुन्हा वाचा.” त्यांनी पुन्हा वाचला. तिने तो वहीत लिहिला, मग जरा वेळाने उगाचच त्याच आकड्यावरून पुन्हा पेन फिरवलं. यादव तिच्याकडे बघत होते, आणि ते काही यंत्र बघायचं बघणं नव्हतं. (हे लेकीला सांगू नकोस.)

डोळ्यांना जप. तिथल्या थंडीत गार पाण्याने न्हाऊ नकोस.

तुझी,
विमला

ता. क. पैठणीला वरच्या काठावर सहा खिळ्यांची भोकं पडली आहेत. पदराला एकही नाही.

दुसरा ता. क. कागद मीच वाळत घातले होते. बायडाबाईला आकडे वाचता येत नाहीत आणि कागद वेष्टनांवरच्या आकड्यांप्रमाणे एक ते सहा असे ओळीने मांडलेले होते. तरी कोणाच्या लक्षात आलं नसेल असं धरून मी पंधरा दिवस गप्प राहिले. आज सकाळी दोघींना सांगितलं. कुमुद म्हणाली, “माहीत होतं. म्हणून तर तुला होडीत बसवलं.” बायडाबाई म्हणाली, “बरं झालं बाई, तोंडानं बोलल्या. संध्याकाळपास्नं मीठ घालते.”

तिसरा ता. क. खरं काम हे. मेपर्यंत कुमुदचे कागद तुझ्या फ्रीजमध्ये राहू देशील का? माझ्यावर आता माझाच भरवसा नाही. हो म्हणणार असशील तर नवसाबाईंना कार्ड टाक.

आम्ही निघताना तुझ्या स्वयंपाकघरात टोपली ठेवली आहे, गावी परतलीस की बघ. त्यातला चिवडा नवसाबाईंना, बर्फाबद्दल. दिंडोरीच्या मनुका तुला. त्या लेकीकडे पाठवू नकोस, तूच खा. या पाकिटातला दुसरा कागद हसूरामला. कुमुदने मराठीत लिहिला आहे. मासळी येईलच असं त्यात म्हटलेलं नाही, तिचं खाणं पाण्यात परत येतंय एवढंच आहे. त्याला वाचता येतं, तरी तू मोठ्याने वाच. त्याची बायको दाराआड उभी असते, तिला ऐकू जायला हवं.