ऋचाच्या मेसेजमधलं बटण

मरोदा, भिलाई. मंगळवार, संध्याकाळ.

चार दिवस वहीला हात लावला नाही, माफी असावी. नात ऋचा कॉलेज संपवून पुण्याला मार्केटिंगच्या कामाला लागली. कंपनीचे मेसेज गिऱ्हाइकांना जाण्याआधी ती तपासायला मलाही पाठवते. मी दरवेळी उत्तर देतो, ‘मिळाला. जेवलीस का?’ ती हसते, ‘आबाजी, ते उत्तर मशीनकडे जाते, मले नाही.’

आज तिच्या साड्यांच्या मेसेजमधलं बटण दाबलं तर साड्यांऐवजी कुकर उघडले. तीनदा दाबलं, कुकरच. घाईत तेही मशीनलाच कळवलं! मग फोन केला.

‘आबाजी, मीटिंग चालू आहे.’

‘पोरी, बटण दाबलं तं कुकर येऊन राहिले!’

‘अरे देवा! पाच वाजता सगळ्यांले जाणार आहे ते. ठेवते!’

तेव्हा पाचला दहा कमी होते. आता सात वाजले, तिचा फोन नाही. मेसेज दुपारीच आला होता, मी झोपलो होतो. प्लांटमध्ये कधी ड्युटीवर डोळा लागला नाही, आज कावून लागला? नोकरी अजून पक्की नाही तिची.

ऋचा बेटा, मेसेज थांबवता आला का? साहेब ओरडले असतील तरी सांग. पण लवकर फोन कर.