तू पाठवलेला व्हॅक्यूम क्लीनर

दादा,

मी आठवडाभर मैत्रिणीकडे आहे. फोन करू नकोस, मी उचलणार नाही. बाबांजवळ शेजारच्या काकू बसल्या आहेत, तू आलास की त्यांना घरी जाऊ दे.

स्वतः येण्याऐवजी तू जो उभा व्हॅक्यूम क्लीनर पाठवलास, तो बाबांच्या खोलीच्या दाराशी ठेवलाय. चांगला आहे, खोटं कशाला बोलू? गालिचा एका फेरीत लख्ख होतो. पण जड इतका, की जिन्यावरून नेताना खांदा निखळतो. शिवाय पलंगाखाली त्याचं तोंड शिरत नाही. बाबा गोळ्या थुंकतात त्या नेमक्या तिथेच जाऊन पडतात, मग गुडघे टेकून हात घालावा लागतो. "आता तुला वाकावं लागणार नाही," असं फोनवर म्हणाला होतास ना? वाक आता.

आवाज मात्र कानठळ्या बसवणारा. लोक याला तोटा म्हणतील, मी नाही म्हणत. बाबा सकाळपासून तुझ्या नावाने हाका मारत असतात. अगदीच असह्य झालं की मी मशीन सुरू करते, कचरा नसला तरी. मग काही ऐकू येत नाही.

तू समोर जाऊन उभा राहिलास तरी त्या हाका थांबणार नाहीत. ते तुला ओळखणार नाहीत. 'माझा मुलगा कधी येणार?' असं तुलाच विचारत राहतील.

लाल बटण हँडलच्या वरच्या टोकाला आहे.