बिघडलेली बोट

फालेतोआ बेट,
२ मार्च १९८६

चि. एतुआतीस ताईचे अनेक आशीर्वाद.

दोन बोटी आल्या आणि गेल्या. पीठ आलं, तांदूळ आला, रॉकेल आलं. तुझं पत्र तेवढं आलं नाही. रेडिओवर मात्र तू रोज असतोस. मंगळवारी तू संसदेत म्हणालास की पंतप्रधान आता दमले आहेत, त्यांना विश्रांती द्यायला हवी. सभाघरातली म्हातारी मंडळी वाहवा करत होती. मला हसू आलं. लहानपणी तू मलाही असंच म्हणायचास की ताई, तू दमलीस, तुझा मासा मी संपवतो.

पंतप्रधान नाफताली काही देव नाहीत, हे मला ठाऊक आहे. दोन वर्षं आम्ही डॉक्टर मागतोय आणि ते दर वेळी नुसती मान हलवतात. पण बोटी आणि बंदरांचं मंत्रिपद त्यांनीच तुला दिलं, तेही चार जणांना दुखवून. एवढं लक्षात असू दे.

आता घरचं. आमच्या लोसाला सातवा सरून आठवा लागेल. नर्सबाईंचं म्हणणं, मूल आडवं आहे आणि फिरायचं नाव घेत नाही. बाळंतपण राजधानीच्या इस्पितळातच व्हायला हवं. जावई परदेशी मालवाहू जहाजावर, तो नाताळशिवाय येत नाही. तेव्हा एप्रिलच्या पहिल्या बोटीने तुझे दाजी अधिवेशनाला निघतील, त्यांच्याच सोबत लोसाला पाठवते. लितियाला सांग, पोरगी जेवणाच्या बाबतीत हट्टी आहे, नीरफणस भाजलेलाच लागतो, उकडलेला चालत नाही.

तब्येत सांभाळ. फोटोत गाल बसलेले दिसतात. कधी आठवण आली तर चार ओळी लिही, एवढा लोभ पुरे.

तुझी ताई,
मिलिका

---

मोतुलोआ,
१३ मार्च १९८६

ती. सौ. ताईस साष्टांग नमस्कार.

तुझा राग पोचला. पत्र लिहिलं नाही ही चूक कबूल. इथे श्वास घ्यायला वेळ नाही. लोसासाठी लितियाने समुद्राकडची खोली झाडून ठेवली आहे. मोठ्या डॉक्टरांशी मी स्वतः बोललोय. तिची काळजी मामावर सोड.

आता तुला म्हणून सांगतो. सोळा एप्रिलला अविश्वासाचा ठराव येतोय, आणि तो मी आणतोय. मतं देणारे आम्ही चौदा. मला धरून सात माझ्याकडे, सहा नाफतालींकडे. चौदावे आपले दाजी. ते तिकडे गेले तर सात-सात होतात, आणि बरोबरी झाली की जुनं सरकार टिकतं, असा आपला कायदा. म्हणजे सगळं राज्य दाजींच्या एका हातावर आलंय. तो हात कुठे वर होतो ते तू ठरवू शकतेस. जेवायला वाढताना एक शब्द टाक. मत्स्यखातं त्यांचंच धर. फालेतोआला पक्का धक्का बांधून देतो. चाळीस वर्षं आपल्या बायका कमरेएवढ्या पाण्यातून पोती डोक्यावर घेऊन येतात, ते मी विसरलेलो नाही.

आणि त्यांना ते जमणारच नसेल, तर या खेपेला त्यांनी येऊ नये. पाठ दुखते म्हणून घरी बसावं. कुणी नाव ठेवणार नाही.

दाजींना नमस्कार. तुझा हात पाठीवर असू दे.

तुझा,
एतुआती

---

फालेतोआ,
१५ मार्च १९८६

चि. एतुआतीस आशीर्वाद.

ही बोट दुपारी परत निघतेय, म्हणून घाईत लिहिते. एक शब्द टाक म्हणालास, टाकला. तुझे दाजी जाळं विणत होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं की निवडणुकीत नाफतालींना शब्द दिलाय, मुदत संपेपर्यंत तो दिलेलाच राहील. पुढच्या खेपेला एतुआतीने मागावा, तेव्हा बघू. मत्स्यखात्याचं सांगितलं तर म्हणाले, मासे खात्याला विचारून येत नाहीत.

त्यांची पाठ ठणठणीत आहे. खोटं दुखणं मी त्यांना शिकवणार नाही आणि तूही असले निरोप माझ्या हातून धाडू नकोस. मी तुझी बहीण आहे, तुझ्या पक्षाची कार्यकर्ती नाही. धक्का बांधायचा असेल तर बांध. तू गेली तीन वर्षं बंदरमंत्रीच आहेस, त्यासाठी राजा व्हायला कशाला हवं?

पहिल्या बोटीने बापलेक दोघंही येतात. उतरवून घे.

ताई

---

मोतुलोआ,
८ एप्रिल १९८६

ती. वन्संना लितियाचा शिरसाष्टांग नमस्कार.

पाद्रीबाबा चर्चच्या लाँचमधून उत्तरेच्या बेटांकडे निघालेत, वाटेत तुमच्याकडे थांबतील, म्हणून हे पत्र त्यांच्या हाती देते. ह्यांना सांगितलेलं नाही.

बोटीचं इंजिन बिघडलं म्हणून रेडिओवर सांगतात ना, ते ऐकून तुम्ही रोज किनाऱ्यावर जाऊन बसत असाल. बसू नका, वन्सं. बोट माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसते. तिला काही झालेलं नाही. काल कप्तानाने तिचं इंजिन चालू करून पाहिलं, अख्ख्या बंदराने ऐकलं, आणि लगेच आमच्याकडून माणूस गेला, तेव्हा ते बंद झालं.

मी ह्यांना विचारलं. लोसाचं काय, असंही विचारलं. हे म्हणाले की पोरीला अजून अवकाश आहे, मतदान झालं की त्याच संध्याकाळी बोट सोडतो, डॉक्टरही सोबत देतो. मी म्हटलं, पोटातल्या लेकराला संसदेची तारीख कोण सांगणार? त्यावर ताटावरून उठले. तेव्हापासून घरी नाहीत. त्यांच्या बाजूचे बाकीचे सहा जण खाडीपलीकडच्या हॉटेलात ठेवलेत. दारावर माणसं आहेत, एकालाही घरी जाऊ देत नाहीत. एकाची बायको कपडे घेऊन गेली तर पिशवी दारातच ठेवून घेतली.

नाफतालीही सगळं ओळखून आहेत. पण बोट सोडा असा हुकूम काढला तर आपलं एक मत अडकलंय हे जगजाहीर होईल आणि उरलेले डळमळतील, म्हणून तेही तोंड मिटून बसलेत. लोसाची अवस्था मी त्यांच्या घरी जाऊन सांगितली. त्यांनी मला चहा पाजला आणि देवाची इच्छा म्हणाले.

काही करता आलं तर करा. मी इथे धक्क्यावर लक्ष ठेवून आहे. रागवायचं तर माझ्यावरही रागवा, पण मला परकी करू नका.

तुमची,
लितिया

---

फालेतोआ,
१३ एप्रिल १९८६

चि. सौ. लितियास आशीर्वाद.

हे पत्र आणि माझी पोर एकदमच तुझ्या हाती पडतील. पडावीत.

लोसाच्या कळा आज पहाटेपासून येतात आणि थांबतात. नर्सबाईंनी हात टेकले. पाद्रीबाबांना म्हटलं, उत्तरेकडच्या प्रार्थना थांबवा आणि लाँच फिरवा. त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही. लाँच केवढी, तुला माहीत आहे; टपही नाही. केवड्याच्या चटयांचं छप्पर बांधलंय आणि खाली गाद्या. दोन दिवसांहून जास्त उघडा समुद्र आहे. मला चलायचं होतं, पण एक माणूस वाढला तर पाणी अंगावर येतं असं पाद्रीबाबा म्हणाले. नर्सबाई आणि लोसाचे वडील चाललेत, मी राहिले.

तुझ्यावर कशाला रागवू? तुझ्या जागी मी असते तर नाफतालींनी मलाही चहाच पाजला असता. तुझ्या नवऱ्याला मी काही लिहीत नाही. आत्ता लिहिलं तर शाप लिहीन, आणि तो धाकटा आहे.

वन्सं

---

मोतुलोआ,
१८ एप्रिल १९८६

ती. वन्संना नमस्कार.

लोसा सुखरूप आहे. मुलगी झाली. आधी हे वाचा, मग बाकीचं.

सोळा तारखेला सकाळी लाँच धक्क्याला लागली. लोसाचे ओठ पांढरे पडले होते. तुमच्या यजमानांनी तिला उचलूनच उतरवलं. मी त्यांना म्हटलं की मी आहे, तुम्ही संसदेत जा, अजून वेळ आहे. ते गाडीत बसेपर्यंत जायचंच म्हणत होते. पण इस्पितळात डॉक्टर म्हणाले की ताबडतोब पोट उघडावं लागेल, रक्त फार गेलंय, आणि हिच्या रक्ताचा माणूस हवा. त्यांचंच रक्त जुळलं. ते बाही वर करून पलंगावर आडवे झाले.

तेवढ्यात नाफतालींची गाडी आली. त्यांचा सचिव दारातून म्हणाला की रक्त दुसरं कुणीही देईल, मत दुसरं कुणी देणार नाही. तुमचे यजमान म्हणाले की बारा दिवस तुम्हाला माझं मत दिसलं नाही, आज बरं दिसलं. सचिव निघून गेला. संसदेची घंटा इस्पितळाच्या ओसरीवर ऐकू येते. ती वाजली तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. सात विरुद्ध सहा.

दुपारी हे आले. पंतप्रधान होऊन. सोबत फोटोवाला. लोसाने तोंड भिंतीकडे फिरवलं. हे मला म्हणाले की बाळ माझ्या हातात दे. मी दिलं नाही. नर्सने दिलं. तो फोटो कालच्या पेपरात आलाय. तुम्ही बघू नका.

मी लोसाजवळच राहते, घरी गेलेली नाही. पुढचं पुढे. आठवण ठेवा.

लितिया

---

मोतुलोआ,
१९ एप्रिल १९८६

ती. सौ. ताईस साष्टांग नमस्कार.

आपल्या बेटाचा पहिला पंतप्रधान तुला हे पत्र लिहितोय. आई असती तर काय म्हणाली असती, हेच मनात येतं.

लोसा आणि बाळ दोघी उत्तम आहेत, मी रोज चौकशी करतो. लितियाने तुला काहीबाही कळवलं असेल. बोटीचा बिघाड खराच होता, अभियंत्याचा दाखला आहे. आणि समज, चार-सहा दिवस इकडेतिकडे झालेही असतील. शेवट गोड झाला ना? मी हरलो असतो तर पुढची पंधरा वर्षं कुणी फालेतोआचं नाव घेतलं नसतं. मोठ्या कामात घरच्यांनाच आधी झळ बसते.

दहा मेला मी बोटीने येतोय. सिमेंट, लोखंड आणि कायमचा डॉक्टर घेऊन. उतरताना रिवाजाप्रमाणे थोरल्या बहिणीने हार घालायचा असतो, तो तू घालावास. रेडिओवाले सोबत असतील. बाकीचं आपल्या घरातलं आहे, ते घरातच ठेवावं ही हात जोडून विनंती.

तुझा,
एतुआती

---

फालेतोआ,
२४ एप्रिल १९८६

चि. एतुआतीस आशीर्वाद.

पत्र लिहायला बसले आणि तीन वेळा उठले. आता सरळ लिहिते.

सतरा तारखेला तुझं पहिलं भाषण आम्ही सगळ्यांनी सभाघरात बसून ऐकलं. तू म्हणालास की तुझी सख्खी भाची प्रसूतीच्या कळा सोसत उघड्या होडीतून राजधानीत आली, कारण जुन्या सरकारला बेटांकडे एक बोट धाडता येत नव्हती. असं पुन्हा कुठल्या लेकीच्या वाट्याला येऊ देणार नाही. बायका रडत होत्या. एकीने मला मिठी मारली. मी तिथेच बसले होते, लितियाचं आठ तारखेचं पत्र वाचलेली, आणि मला रडूही येईना. बोट तू अडवलीस. पोर तू समुद्रात ढकललीस. आणि तिच्याच रक्ताने दुसऱ्याच्या नावावर पाप लिहिलंस. एवढी बुद्धी देवाने तुला दिली, ती दुसऱ्या कुठे वापरता आली नाही का रे?

घरातलं घरात ठेव म्हणतोस. घरातलं तू रेडिओवर नेलंस, मी फक्त सभाघरात नेलं. रविवारी प्रार्थनेनंतर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. पाद्रीबाबांनी दुजोरा दिला.  मग सभाघरातले थोरले पाउलो विचारतात की हे फार वाईट झालं, पण धक्का होणार आहे ना? मला वाटलं, खांबावर डोकं आपटावं. अर्धं सभाघर म्हणतंय, कसा का असेना, आपला आहे. तुला आमची नस बरोबर माहीत आहे.

तेव्हा ये. डुकरं मारतील, पोरं गाणं बसवतायत. पण उतरशील तिथे हार घेऊन कुणी नसेल. मी असेन, तुझे दाजी असतील. बोट का आली नाही, ते वाळूवर उभा राहून सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडाने सांग. रेडिओवाल्यांना हवं तर बंद करायला सांग, मला ते ऐकवायची हौस नाही. एवढं सांगितलंस की पुढचं मी बघते. मी तुला जेवायला वाढेन.

ताई

---

फालेतोआ,
११ मे १९८६

चि. एतुआतीस आशीर्वाद.

बोट काल आली. अगदी वेळेवर.

सगळं बेट किनाऱ्यावर होतं. फळी खाली आली, पोरांनी गाणं सुरू केलं. आधी सिमेंटची पोती उतरली, मग लोखंड, मग एक किडकिडीत तरुण डॉक्टर. पोरांना वाटलं हाच पंतप्रधान, त्यांनी त्याच्याच भोवती फेर धरला. तो बिचारा बूट हातात घेऊन गुडघाभर पाण्यात उभा. मग लोसा उतरली आणि तिच्यामागे लितिया, बाळ खांद्याशी धरून. तुझ्या सचिवाने कागद वाचला की राज्याच्या महत्त्वाच्या कामामुळे येता आलं नाही. पाउलोंनी टाळ्या वाजवल्या, पण कुणी साथ दिली नाही, तेव्हा त्यांनीही हात खाली घेतले.

संध्याकाळी सचिवाला बोलतं केलं. तू मोतुलोआच्या धक्क्यापर्यंत आला होतास म्हणे. सामान चढलं होतं. फळीवर पाय ठेवलास, थोडा वेळ थांबलास आणि गाडीत जाऊन बसलास.

एतु, सहा माणसांना तू कोंडून ठेवलंस, नाफतालींसारख्या मुरलेल्या माणसाला खाली ओढलंस, त्यात तुझा पाय कुठे अडला नाही. आणि बहिणीसमोर चार वाक्यं बोलायची तर समुद्र ओलांडवेना. तुझे दाजी म्हणाले, अजून थोडी लाज शिल्लक असेल म्हणून आला नाही. मी म्हटलं, लाज असती तर आला असता. त्यावरून आमचं रात्रीपर्यंत भांडण. खरं काय ते तुलाच ठाऊक.

लितिया काही दिवस इथे राहील. किती, ते मी तिला विचारलेलं नाही, तूही विचारू नकोस. धक्क्याचं काम सोमवारी सुरू होतंय. मीही दगड वाहणार आहे, कारण धक्का बायकांना हवा आहे आणि तो तुझा नाही. तुझे दाजी पुढच्या अधिवेशनाला येतील आणि तुझ्यासमोरच्या बाकावर बसतील. ते काही बोलणार नाहीत. तुला सवय करून घ्यावी लागेल.

डुकराचं मांस उरलं होतं, ते सगळ्यांनी घरोघरी नेलं. तुझ्या वाटणीचं ठेवलं नाही.

माया आहेच, ती काढून फेकता येत नाही, मी करून पाहिलं. बाकी जे काही हवं असेल ते इथे येऊन, वाळूवर उभं राहून मागावं लागेल.

तुझी ताई,
मिलिका