वन्संना संशयाचा फायदा

तीर्थस्वरूप वन्संना,

साष्टांग नमस्कार. (गुडघा वाकत नाही, त्यामुळे तो कागदावरच मान्य करून घ्यावा.)

तुमची तब्येत कशी आहे? रक्तदाबाच्या गोळ्या घेता ना, की नुसत्याच डबीत जपून ठेवता? जिना चढताना लागणारा दम कमी झाला का? आणि तुमच्या खोलीतलं ते लाकडी कपाट, त्याचं दार आता नीट लागतं का? यंदा हवेत ओल फार आहे. लोकरी कपड्यांना कसर लागते म्हणतात. सहज विचारलं.

मागच्या आठवड्यात मी तीन दिवस फोन उचलला नाही आणि तुम्ही माझ्या शेजारणीला फोन करून "ती नक्की कुठे गेलीय" अशी चौकशी केलीत, हे मला कळलं. (शेजारीण पोटात काही ठेवत नाही. म्हणूनच तर मी तिला काही सांगत नाही.) तुमचा संशय बरोबर होता. तुम्हाला सांगितलं होतं तशी मी डोळे तपासायला गेले नव्हते. मी वकिलीच्या सनदेच्या परीक्षेला गेले होते. आता घोटभर पाणी प्या आणि पुढे वाचा. मी घर सांभाळून कायद्याची पदवी घेतली तेव्हा तुम्ही म्हणाला होता की भिंतीला एक खिळा वाढला. तुमचं अगदी चुकलं नव्हतं, कारण नुसत्या पदवीवर कोर्टात उभं राहू देत नाहीत. त्याला सनद लागते. आणि मला उभं राहायचं आहे, कारण हे गेले (तुमचे भाऊ, मी अजून 'हे'च म्हणते, सवय बदलायला सवड झाली नाही), तेव्हा हे लढवत असलेला शिंपीणबाईंचा दावा अर्ध्यावर होता. त्याच त्या, ज्यांच्या दुकानाची जागा त्यांच्या दिराने परस्पर स्वतःच्या नावावर करून घेतली. यांनी त्यांना शब्द दिला होता. आता शेजारच्या ऑफिसातले वकील त्यांच्यातर्फे उभे राहतात, म्हणजे उभे राहून पुढची तारीख मागतात आणि खाली बसतात. ते वकील आणि तो दीर एकाच टपरीवर चहा पितात, हे मी आमच्या ऑफिसच्या खिडकीतून पाहिलं आहे. चहा पिणं हा गुन्हा नाही, पण पैसे दर वेळी दीरच देतो.

परीक्षा एका मोठ्या क्रीडागृहात होती. जमिनीवर खेळाच्या रंगीत रेघा आणि त्यांच्यावर टेबलांच्या रांगा. फाटकावरच्या रखवालदाराने मला अडवलं. "आई, पालकांनी बाहेर थांबायचं." मी म्हटलं, माझे पालक वर गेले, परीक्षा मीच देणार आहे. त्याने प्रवेशपत्रावरचा फोटो पाहिला, मला पाहिलं, परत फोटो पाहिला. मीही त्याच्या छातीवरच्या बिल्ल्याचा फोटो पाहिला, त्याला पाहिलं, परत बिल्ला पाहिला. त्याच्या फोटोला मिशी होती, त्याला नव्हती. मग त्याने मला सोडलं.

तुम्हाला माहीत आहे, मी ओठ हलवल्याशिवाय वाचू शकत नाही. शाळा अर्ध्यात सुटली, राहिलेल्या परीक्षा लग्नानंतर बाहेरून दिल्या, सगळं वाचन यांच्या पुस्तकांच्या कपाटासमोर उभ्या उभ्या झालं, आणि ते पुटपुटत पुटपुटतच झालं. पहिल्या दिवशीचा पेपर चार पर्यायांतून एक उत्तर निवडण्याचा होता. माझ्या डाव्या हाताला एक मुलगी बसली होती, तुमच्या नातीच्या वयाची, केसांना सोनेरी रंग दिलेला. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की मी प्रश्न वाचायला लागले की ती माझ्या बाजूला झुकते. मी थांबले की तीही सरळ. मनात म्हटलं, ही माझी उत्तरं ओठांवरून उचलते आहे. मी काय केलं असेल? मी मुद्दाम चुकीची उत्तरं पुटपुटायला लागले. उत्तर 'अ' असेल तर तोंडाने 'क', 'ब' असेल तर 'ड'. खणखणीत पुटपुटत होते. अर्धा तास मोठ्या समाधानात गेला. मग उत्तरपत्रिकेकडे नजर गेली तर माझ्या हातानेही तोंडाचं ऐकून 'क' आणि 'ड' यांचीच रांग लावलेली. सगळं खोडून पुन्हा करताना शेवटचे काही प्रश्न राहिलेच. बाहेर आल्यावर मी त्या मुलीला गाठलं आणि म्हटलं, बाई गं, दुसऱ्याच्या तोंडचं घेऊन वकिली होत नाही. ती म्हणाली, "अं?" आणि दोन्ही कानांतून मेणाचे बोळे काढले. आवाजाने लक्ष उडतं म्हणून ते सकाळपासून घातलेले होते, आणि झुकत होती ती भिंतीवरचं घड्याळ पाहायला. ते माझ्याच मागे होतं.

त्या क्रीडागृहात एक पर्यवेक्षक बाई होत्या. दोरीला लावलेला चष्मा, पायात आवाज न होणारे बूट. या बाई तिन्ही दिवस माझ्या मागेच येऊन उभ्या राहायच्या. बाकी शेकडो मुलं सोडून मीच का, हा प्रश्न मला प्रश्नपत्रिकेपेक्षा जास्त छळत होता. मी धरून बसले की बाईंना मी कॉपी करते असं वाटतंय. म्हणून हात सगळ्यांना दिसतील असे वर ठेवून लिहिण्याचा प्रयत्न केला. तसं लिहिता येत नाही.

दुसऱ्या दिवशी निबंधासारखी मोठी उत्तरं होती, आणि पहिलाच प्रश्न 'संशयाचा फायदा' यावर. वन्सं, मी पेन खालीच ठेवलं. तुम्हाला ती गोष्ट कधी सांगितली नाही. लग्नानंतर मी वर्तमानपत्र वाचायला लागले तेव्हा त्यात रोज कुणीतरी 'संशयाचा फायदा' मिळून सुटायचं. मला वाटलं, संशय घेतला की फायदा होतो, असा त्याचा अर्थ. मला तो कायदा फार पटला. दूधवाल्याचा संशय घेतला, तर पाणी निघालं. इस्त्रीवाल्याचा घेतला, तर हरवलेली उशीची खोळ निघाली. एक दिवस मी हे यांना अभिमानाने सांगितलं तर हे हसता हसता खुर्चीवरून खालीच आले. मग समजावून सांगितलं, की संशयाला जागा उरली तर फायदा समोरच्याला द्यायचा असतो. मी म्हटलं, हा कुठला न्याय, संशय आपला आणि फायदा त्याचा? त्यानंतर घरी उशीर झाला की दारातूनच म्हणायचे, "आम्हाला संशयाचा फायदा मिळावा." मी तो कधी दिला नाही. आधी सगळी चौकशी करायची. प्रश्नाला गुण चांगले होते, मी चार पानं लिहिली. त्यात कायदा किती आणि हे किती, ते तपासणाऱ्यालाच माहीत.

तिसरा दिवस माझा होता. दावे आणि अर्ज लिहून दाखवायचे. इतकी वर्षं यांचे अर्ज मी टाईप केले आहेत, झोपेतही स्वल्पविराम चुकत नाही. पेपर कसा संपत आला कळलं नाही. शेवटचा अर्ज लिहिला, 'अर्जदारातर्फे वकील' असं लिहिलं, आणि त्याखाली हात चालत गेला तसं यांचं पूर्ण नाव लिहून मोकळी झाले. खाली रेघसुद्धा ओढली. मग समोर फळ्यावर पाहिलं. तिथे पहिल्या दिवसापासून ठळक लिहिलेलं होतं की उत्तरपत्रिकेत कुठेही कोणाचंही नाव दिसलं तर तिन्ही दिवसांची परीक्षा रद्द. मी ते नाव खोडायला लागले. इतकं खोडलं की कागद फाटायला आला. मागे वळले तर बिनआवाजाचे बूट उभेच. म्हटलं, संपलं, शिंपीणबाई आता जन्मभर तारखाच मोजणार.

बाई वाकल्या. चष्मा नाकावर चढवला. "खाडाखोड चालते. नाव वाचता येत नाही ना?"

मी म्हटलं, "मला येतंय."

वन्सं, मला खरंच येत होतं. बाई हळूच म्हणाल्या, "मला येत नाहीये. संशयाचा फायदा घ्या आणि पेपर द्या." जाता जाता म्हणाल्या, की त्यांची आई अशीच पुटपुटत वाचायची, म्हणून त्या माझ्या मागे येऊन थांबायच्या. तीन दिवस मी त्यांच्याबद्दल मनात काय काय ठरवलं होतं, ते इथे लिहीत नाही. हे पत्र पोस्टातून जाणार आहे.

निकाल लागायचा आहे. माझं मन सांगतं, नापास. तुम्ही काळजी घ्या, जिना सावकाश चढा.

तुमची,
धाकटी वहिनी

ता. क. : पत्र टाकायचं राहून गेलं. (कोपऱ्यावरच्या पेटीचं कुलूप बदललेलं दिसलं, म्हणून थांबले.) दरम्यान निकाल लागला. पास आहे. माझा विश्वास बसेना, म्हणून शिंपीणबाईंना नंबर पाहायला लावला. त्यांचाही बसेना, पण नंबर तोच होता. सनद हातात पडली की लगेच त्यांची तारीख आहे, आणि मी पुढची तारीख मागणार नाही.

आणखी एक ता. क. : हे गेल्यावर तुम्ही माझ्याजवळ महिनाभर राहिलात, ते मी विसरणार नाही. तुम्ही परत गेल्यापासून यांचा कोर्टाचा काळा कोट कपाटात नाही. हँगर आहे. मी धोब्यावर संशय घेतला आणि त्याच्याशी बोलणं सोडलं. काल त्याची माफी मागितली. तुमचा मी संशय घेत नाही. सामान भरताना चुकून तुमच्या बॅगेत गेला असेल. तसाच चुकून परत आला तर मी काही विचारणार नाही. मला तो मोठा होणार, पण शिंपीणबाईंना सांगून ठेवलं आहे की बाह्या कापायच्या नाहीत, आत दुमडायच्या. म्हणजे माझं काम झाल्यावर उसवून तुम्हाला पुन्हा यांच्या मापाचा देता येईल.

शेवटचं : डांबराच्या गोळ्या घातल्या असतील तर काढून टाका. आणि पाठवायच्या आधी धुवायला देऊ नका. तुम्हीही तो इतके दिवस धुतला नसणार, असा माझा पक्का संशय आहे.