संक्रांतीच्या आत शून्य गोळ्या

७ नोव्हेंबर १९७३, बुधवार. संध्याकाळी सात.
डॉक्टर म्हणाले, इंप्रूव्हमेंट चांगली आहे, आता गोळ्या हळूहळू कमी करू. सध्या दिवसाला तीन. दर तीन आठवड्यांनी अर्धी कमी करायची, म्हणजे फेब्रुवारीअखेर सगळ्या बंद. एकदम सोडल्या तर त्रास होईल, असंही म्हणाले. मी मान डोलावली आणि घरी येऊन कॅलेंडर बघितलं. संक्रांत चौदा जानेवारीला.

डॉक्टर बाहेरगावचे. त्यांना संक्रांत म्हणजे तिळगूळ. सोलापुरात संक्रांत म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, आणि यात्रा म्हणजे नंदीध्वज. एवढी उंच काठी कमरेच्या पट्ट्यात एकट्यानं पेलून चालायचं. आमच्या अप्पांनी सव्वीस वर्षं पेलली, नंतर मी नऊ. गेल्या संक्रांतीला मात्र मी भिंतीकडं तोंड करून झोपलो होतो. का, ते विचारू नये. मलाही माहीत नाही. काठी मायाप्पानं पेलली. वय पंचवीस, मिशीसुद्धा नीट आलेली नाही.

सिद्धेश्वराला शब्द दिलाय. काठीला हात लावीन तेव्हा पोटात एकही गोळी नसेल. गोळी खाऊन काठी पेलायची म्हणजे देवाला फसवणं.

माझं टाइमटेबल: दर आठवड्याला अर्धी कमी. १२ डिसेंबरला शून्य. अठरा वर्षं मिलमध्ये टाइमकीपर आहे, चारशे माणसांच्या पाळ्या सांभाळतो. एका माणसाच्या गोळ्या सांभाळता येणार नाहीत होय?

८ नोव्हेंबर.
बायकोनं, महादेवीनं विचारलं, डॉक्टर काय म्हणाले. सांगितलं, लवकर संपवा म्हणाले. अर्थ साधारण तोच.

गोळ्यांचं फक्त तिला माहीत आहे. गल्लीत सगळे समजतात की मी डोळ्यांच्या डॉक्टरकडं जातो. त्यासाठी मुद्दाम शून्य नंबरचा चष्मा केलाय. गल्लीत माणसाला वेड लागलेलं चालतं, त्यावर औषध चाललेलं चालत नाही.

११ नोव्हेंबर, रविवार.
सरावाला गेलो. सरावाची काठी, वर वाळूचं पोतं बांधलेलं. रुद्रप्पाअण्णा आमच्या काठीचे वस्ताद, वय बासष्ट. चष्मा कपाळावर चढवून बघितलं आणि म्हणाले, वरची गाठ सैल हाय. खरंच सैल होती. एवढी नजर असून म्हातारा चष्मा कशाला लावतो कोण जाणे. हौस असते एकेकाला.

काठी खाली घेताना अण्णा नेहमीसारखे कानडीत ओरडत होते, निधान, निधान. सावकाश म्हणे! उचलायला ताकद लागती, उतरवायला अक्कल लागती, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नऊ वर्षं ऐकतोय. माझी काठी उत्तम. मायाप्पा बघत होता.

१४ नोव्हेंबर.
दोन गोळ्यांवर आलो. काही होत नाही. डॉक्टरलोकांना भीती घालायची सवयच असते.

१८ नोव्हेंबर.
काहीच होत नाही तर इतकं रेंगाळायचं कशाला? आजपासून एकदम एक. टाइमटेबलच्या दहा दिवस पुढं. मिलमध्ये याला ओव्हरटाइम मिळतो.

२१ नोव्हेंबर.
थंडीत बनियन भिजून पिळायच्या लायकीचं. मिलमधली हवाच दमट. डॉक्टरकडं जायचा वार होता, गेलो नाही. ज्याचं सगळं ठीक आहे त्यानं त्यांचा वेळ का खावा?

२३ नोव्हेंबर.
स्वप्नात चारशे कामगार ओळीनं माझ्या पाठीवर हजेरीचा शिक्का मारत होते. उठलो तो तिन्ही पाळ्या करून आल्यासारखा. कारण सापडलं: शेंगांची चटणी. चटणी बंद.

२६ नोव्हेंबर.
दुपारच्या भोंग्याला रडू आलं. भोंगा रोज होतो, रोज तसाच होतो. डोळ्यांत कापसाचा तंतू गेला असणार. चष्मा असून कसा गेला, हा प्रश्नच आहे.

२८ नोव्हेंबर.
शिपायावर ओरडलो. मग त्याच्याकडं बघत बसलो, त्यात पाळी सुरू व्हायची नोंद राहिली. स्वतःलाच लेट मार्क लावला. नियम म्हणजे नियम.

२ डिसेंबर, रविवार.
शून्य! बारा तारखेचं दोन तारखेला. महादेवीला वाटलं होतं अजून चालू आहेत. सांगितलं तर बिचारी आनंदानं काही बोललीच नाही.

उरलेल्या गोळ्या फेकणार होतो. पण औषध आहे, फेकवत नाही. कपाटात अप्पांच्या बाराबंदीच्या घडीत ठेवल्या. ती बाराबंदी आता थेट यात्रेलाच काढायची.

५ डिसेंबर.
मान वळवली की डोक्यात खट् होतं. माग चालू असताना धोटा कडेला आपटावा तसं. डावीकडं जास्त. उपाय सोपा आहे: डावीकडं बघायचं नाही.

७ डिसेंबर.
पोट. सकाळपासून सहा वेळा. वर्षभराचं विष बाहेर पडतंय, दुसरं काय. महादेवी म्हणाली, डॉक्टरांना एकदा विचारून तरी या. तिला समजावलं की विष बाहेर पडताना अडवू नये. ती म्हणाली, मग निदान भात तरी खा की.

११ डिसेंबर.
तीन दिवसांची सिक लीव्ह. कारण: नेत्रविकार. माणसानं एका गोष्टीला चिकटून राहावं.

१६ डिसेंबर, रविवार.
सराव. कंबर लचकलीय म्हणून सांगितलं. काठी मायाप्पानं घेतली. नंतर पाणी घेऊन आला आणि मला, दादा, बरं नाही का, म्हणून विचारलं. वर पुन्हा माझ्या हाताला हात लावून बघितला. हल्लीच्या पोरांना रीत नाही.

रुद्रप्पाअण्णांनी चष्मा कपाळावर चढवला. माझ्याकडं बराच वेळ बघत होते. मी उजवीकडून बघून घेतलं.

२० डिसेंबर.
आज अर्धी गोळी घेतली. ही सुरू केलेली नाही. उरलेली संपवतोय, इतकंच.

२१ डिसेंबर.
अर्धीनं डोक्यातलं खट् थोडं थांबलं. म्हणजे गोळीची सवय लागतेय. ताबडतोब बंद. विल-पॉवर.

३० डिसेंबर, रविवार.
सरावाला गेलो नाही. दिवसभर पडून. भिंतीवर रंगाचा पोपडा आहे, गेल्या वर्षी होता तोच. तेवढाच आहे, वाढलेला नाही.

महादेवी शेजारी बसून ज्वारी निवडत होती. निवडलेली ज्वारी तिनं पुन्हा सुपात घेतली आणि पुन्हा निवडली. उठून जायला नको म्हणून.

भीती वाटते. पुन्हा तसंच होणार. हे लिहायला नको होतं.

१ जानेवारी १९७४.
नवीन वर्ष. नवीन संकल्प: पहाटे थंड पाण्यानं आंघोळ, रोज शंभर बैठका, मान सरळ. तेरा दिवस राहिले. एवढ्यात माणूस काहीही करू शकतो.

२ जानेवारी.
बैठका: चार.

६ जानेवारी, रविवार. संध्याकाळी.
सराव झाला. थोडक्यात लिहितो.

कंबर बरी आहे म्हणून पट्टा बांधला. अण्णा म्हणाले, आज राहू दे. मी म्हणालो, नऊ वर्षं काय झोपेत पेलली का? काठी उचलली. पहिली वीस पावलं अप्पांना बघून समाधान वाटलं असतं. मग निंगव्वाच्या घरापाशी डावीकडून कुणीतरी हाक मारली. वळून बघितलं. खट्.

काठी कलली. वाळूचं पोतं निंगव्वाच्या माळवदावर गेलं, तिथं तिनं वर्षाच्या मिरच्या पसरल्या होत्या. त्या सगळ्या खाली आल्या. काठी मायाप्पानं आणि अण्णांनी धरली. मला कुणी धरलं ते आठवत नाही. अख्खी गल्ली शिंकत होती. निंगव्वा शिंकत शिंकतच माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. मी मिरच्यांत बसून रडत होतो. सगळ्यांचेच डोळे वाहत होते, म्हणून तेवढं निभावलं.

अण्णांनी माझा पट्टा सोडला. सावकाश, एकेक गाठ. घरी जा म्हणाले.

८ जानेवारी, मंगळवार.
महादेवीनं बुधवारची वाट बघितली नाही. बाराबंदी बाहेर काढली होती, इस्त्रीसाठी, आणि घडीतल्या गोळ्या सगळ्या घरभर सांडल्या. एकेक वेचून पुडी बांधली आणि म्हणाली, चला. तिला एवढं कमी बोलताना मी बघितलेलं नाही.

दवाखान्यात बाकावर रुद्रप्पाअण्णा बसले होते.

मी म्हणालो, डोळे दाखवायला आलोय. ते म्हणाले, मी बी. मग दोघंही समोरच्या भिंतीकडं बघत बसलो. थोड्या वेळानं त्यांनी माझ्या नाकावरचा चष्मा काढून घेतला, आरपार बघितलं आणि म्हणाले, ह्याला नंबर न्हाय की. मग स्वतःचा काढून माझ्या हातात दिला. साधी काच.

आठ वर्षं झाली, म्हणाले. मंगळवारचे येतात. आठही संक्रांतींना सकाळी गोळी घेऊनच काठीला हात लावला, उभी केली, उतरवली. मी विचारलं, आणि देवाला काय वाटेल? ते म्हणाले, देव काठी सरळ हाय का बघतो, पोटात काय हाय ते बघायला त्याला वेळ न्हाय. दोनदा त्यांनीही मनानं बंद केल्या होत्या. दोन्ही वेळा महिनाभर माझ्यासारखंच. आता डॉक्टरांच्या हिशोबानं अर्ध्या गोळीवर आलेत, त्याला दीड वर्ष लागलं. एवढं बोलून माझ्याकडं बघितलं. निधान म्हणाले नाहीत. म्हणायची गरज नव्हती.

मला त्यांचा राग आला. मग फार बरं वाटलं. मग पुन्हा रडू आलं, आणि या वेळी कापूस नव्हता की मिरच्या नव्हत्या.

डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं. म्हणजे महादेवीनं सांगितलं. पुन्हा गोळ्या चालू. मार्चपर्यंत एकही कमी करायची नाही. माझं टाइमटेबल त्यांनी वाचलं, घडी घातली आणि स्वतःच्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं. परत मागायचा धीर झाला नाही.

बाहेर अण्णा थांबले होते. यंदा काठी मायाप्पाकडं. पुढच्या वर्षी बघू, म्हणाले. बाराबंदी मात्र घालून यायचं, मला काम आहे: काठीच्या पुढं चालत, माळवदावरच्या मिरच्या काढून घ्या हो, असं प्रत्येक घरापाशी ओरडायचं.

काम जबाबदारीचं आहे. वाटेत एकूण घरं किती, कुठल्या घरापाशी किती वाजता ओरडायचं, याचं टाइमटेबल आत्ताच करून ठेवलं.