खोडाला धरलेली फळं

ता. ९ मार्च

चि. धाकटोबा,

ताईचा आशीर्वाद, लागू पडेल अशी आशा ठेवून देते. इकडे सगळं ठीक.

तुझं पत्र पोचलं. सबंध पानभर झाडाची विचारपूस! पाणी किती, खत कोणतं, पानं पिवळी पडतात का. माणसांसाठी तळाला एक ओळ, "बाकी सगळे मजेत असतीलच." तुझ्या या "असतीलच"ला तोड नाही.

जाबुटिकाबाचं ते रोप तू काय थाटात आणलंस! "याला फळं फांदीला नाही, थेट खोडाला लागतात," असं शेजारपाजारी ऐकवत फिरलास. खड्डा बाबांनी खणला, तू फोटोपुरतं फावडं धरलंस. निघताना त्यांना म्हणालास, "पहिली फळं धरली की खायला येतोच." त्याला वर्षं लोटली. झाड फळत नाही आणि तू फिरकत नाहीस. फार सोयीचं झाड निवडलंस.

का फळत नव्हतं, ते आत्ता कळलं. दर मोसमात खोडावर पांढरं काहीतरी फुटायचं. बाबांना वाटायचं, बुरशी. लेकाच्या झाडाला रोग नको म्हणून साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून ते खोड लख्ख पुसून काढायचे. तो मोहोर होता. फळांच्या फुशारक्या मारल्यास, फुलांचं सांगायला विसरलास. बागकामातला तज्ज्ञ म्हणे!

यंदा खोड पुसायला कुणी गेलं नाही. बुंध्यापासून काळीभोर फळं लगडलीत. मी एक चाखलं. बरं आहे, तुझी वर्णनं जास्त गोड होती.

आता जे ठीक नाही ते लिहिते. बाबांनी हिवाळ्यात अंथरूण धरलं, ते सोडलेलं नाही. डॉक्टर हल्ली औषध बदलत नाहीत, नुसते त्यांच्या खांद्यावर हात ठेवून जातात. "त्याला कळवू नकोस, त्याला कामं असतात," असं बाबांनीच बजावलं होतं. कामं! मला हसू आवरेना.

खाटेवरून बाग दिसत नाही. रोज विचारतात, "धरली का गं?" मी "नाही" सांगते. "हो" म्हटलं तर ते दाराकडे डोळे लावून बसतील, आणि तुझा मला काडीचा भरवसा नाही. तू दारात दिसलास की मगच सांगेन.

नाहीच आलास, तर बाबा झाडाला दोष देत जातील, तुला नाही. एवढीही तुझी लायकी नाही.

रोज तुझ्यासाठी खोटं बोलणारी,
ताई