एकाच आईची दोन ताटे

अंबरनाथ (पूर्व)
गुरुवार, दि. २० नोव्हेंबर २०२५

चि. चिंतामण यास,

थोरल्या भावाचा आशीर्वाद. मांजर्लीच्या घराला पावसाळ्यात चढलेली ओल आता उतरली असेल. सौ. विनिता आणि रिद्धी सुखरूप असाव्यात. येथे सूनबाई वृंदा माझे सर्व वेळेवर करते. तिच्याविषयी तक्रार नाही.

हे फोनवर सांगता आले असते; परंतु फोनवर तू हसतोस आणि माझे वाक्य अर्धे राहते.

आखाडात तू सर्वांना जेवायला बोलावलेस, तेव्हापासूनची ही गोष्ट आहे. तू तांदळाच्या भाकरीवर भाकरी उचलत होतास. सुकट, कोलंबीचे कालवण, त्यावर भात, शेवटी वाटीभर खीर. माझ्या ताटात विनिताने आठवणीने अर्धी ज्वारीची भाकरी वाढली. त्यात तू म्हणालास, "दादा, मना काय व्हतंय? आयची हाडं हायेत माझी."

त्याच दिवशी रिद्धीने आपल्या दोघांच्या लाळेवरून केलेल्या जनुकांच्या तपासणीचा अहवाल समजावला. तुझी नात हुशार आहे. एकाच आईबापाची मुले असली तरी वाटणी सारखी होत नाही, असे ती म्हणाली. साखर पेलण्याच्या बाबतीत बाबांकडचे पुष्कळसे माझ्याकडे आले, तुझ्याकडे फारच थोडे. जनुके सर्वच ठरवत नाहीत, हेही तिने बजावले. मी वाद घातला. आपल्या कित्येक पिढ्या मिठागरावर भात खाऊन जगल्या. तो आपल्या रक्तात मुरलेला आहे. मग तो मलाच का बाधावा? त्यावर ती म्हणाली, "मोठे आजोबा, ते दिवसभर मिठाच्या टोपल्या वाहायचे. तुम्ही खुर्चीत बसून प्रुफं तपासलीत."

सर्व हसले. सर्वांत मोठ्याने तू.

आई अखेरपर्यंत तुझ्याकडे राहिली. मी किती वेळा न्यायला आलो, तुला ठाऊक आहे. दर वेळी ती म्हणे, "चिंत्याकडं बरी हाय मी." बरे, राहिली. परंतु ती गेल्यावर तिचे रक्तही तुझ्याच घरी निघावे? माझ्या वाट्याला बाबा आले: त्यांचे नाक, त्यांचे हस्ताक्षर आणि त्यांचा रोग.

दुसऱ्या दिवसापासून मी तुझे ताट जेवू लागलो. डॉक्टरांनी मोकळीक दिली आहे, असे वृंदाला सांगितले. सकाळी भाकरी, दुपारी भात, रात्री पुन्हा भाकरी. तू गोळी घेत नाहीस, म्हणून मीही बंद केली. मीसुद्धा मोतीबाईचाच मुलगा आहे, हे माझ्या शरीराने एकदा तरी मान्य करावे, एवढीच इच्छा होती. आणि खरे सांगायचे तर भाकरी फार गोड लागली.

दिवाळीत नवी चप्पल डाव्या पायाला लागली. जखम भरेना. बाबांचेही असेच सुरू झाले होते. तू तेव्हा लहान होतास, तुला आठवणार नाही. त्यांचा पाय धुण्याचे काम माझ्याकडे होते. म्हणून वृंदाला कळण्याआधीच मला वासावरून कळले. तरी मी चार दिवस मोजा घालून हिंडलो.

सोमवारी सकाळी दोन बोटे काढणार आहेत. तेवढ्यावर भागेल, असे डॉक्टर म्हणतात. मात्र म्हणताना ते माझ्याकडे पाहत नाहीत. बाबांचेही प्रथम बोटांवरच भागणार होते.

वृंदा तुला फोन करणार होती, मीच अडवले. उद्या हे पत्र तीच आणून देईल. तिच्यावर रागावू नकोस. तिला मी खोटे सांगितले होते. रिद्धीलाही बोल लावू नकोस. तिने मला नीट समजावले होते.

सोमवारी तू ये. विनिताला डबा करू देऊ नकोस. तू घरूनच पोटभर जेवून ये, परंतु काय जेवलास ते मला सांगू नकोस. ते ऐकण्याइतका मी अजून मोठा झालेलो नाही. मला आत नेतील तेव्हा दाराशी उभा राहा. तुझा चेहरा थेट आईसारखा आहे, आणि तो मला त्या वेळी पाहायचा आहे.

बाबांवर गेलेला, तरीही तिचाच,
कमळाकर